पायाचं माप

त्या वर्षी जमीन इतकी टणक झाली होती, की नांगर धरणाऱ्यांच्या तोंडी शिव्यांशिवाय दुसरं काही येत नव्हतं. सकाळी टोक काढून नेलेला फाळ संध्याकाळी बोथट होऊन परत यायचा. सोबत मालकाची जीभ यायची, ती मात्र कधी बोथट व्हायची नाही. लोहाराच्या दारात फाळांचा आणि कुदळींचा ढीग पडला होता आणि प्रत्येकाला आपलंच काम आधी हवं होतं. एरवी रस्त्यात भेटले तर मान फिरवून जाणारी माणसंसुद्धा त्या दिवसांत लोहाराला "जेवलास का रे बाबा?" म्हणून विचारत होती.

लोहारशाळेत तिघं राबत होती. ऐरणीपाशी धाकटा, समोर घण घेऊन त्याचा थोरला भाऊ, आणि भात्याशी धाकट्याची बायको. तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरल्याचं लग्नच झालेलं नसल्यामुळे घरात थोरली कोणी नव्हती, तरी ही धाकटीच राहिली. तिच्या मागे खांबाला झोळी बांधलेली होती आणि झोळीत तिची तान्ही मुलगी घणाच्या आवाजात गाढ झोपायची. आवाज थांबला, की जागी व्हायची.

काम बोलून होत नाही. धाकटा एका हातानं सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या हातोडीनं नुसतं टिचकावून दाखवायचा, इथे. त्याच जागी थोरल्याचा घण पडायचा. हातोडी सरकली की घण सरकायचा. धाकट्यानं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की घण थांबायचा, मग तो डोक्यावर उचललेला का असेना. थोरला तो हळूच खाली घ्यायचा, जमिनीवर टेकवायचा आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहायचा. इतक्या वर्षांत घण एकदाही चुकला नव्हता. मागे धाकटा तापानं आजारी पडला, तेव्हा हातोडी धाकटीनं धरली होती, आणि थोरल्यानं तिचीही खूण तशीच मानली होती.

ऐरणीपासून दूर गेला की मात्र थोरल्याचा भरवसा देता येत नसे. तरुणपणी त्याला कोणाकोणाचे आवाज ऐकू यायला लागले आणि त्यानं रस्त्यावर दगड मारले, तेव्हा गावानं त्याला गाडीत आडवा बांधून मोठ्या भिंतींच्या इस्पितळात नेऊन टाकलं होतं. त्याला कोणी काही विचारलं नाही. परत आला तेव्हा पुढचे दात नव्हते, आणि मनगटांवरचे वळ पुढे कधीच गेले नाहीत. तिथे काय झालं ते त्यानं फक्त धाकट्याला सांगितलं होतं आणि त्याच्याकडून शब्द घेतला होता, की पुन्हा तिथे धाडायचं नाही.

मग कायदा बदलला. नाक्यावरच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघा भावांना समोर बसवून समजावून सांगितलं. आता असं उचलून नेता येत नाही. स्वतः हो म्हणालात तर येऊ शकता. नाहीतर तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तरच, तेही थोडे दिवस, आणि बरं वाटलं की पुन्हा विचारूनच. बांधून ठेवायचं तर मुळीच नाही. "आत्ता डोकं शांत आहे," बाई म्हणाल्या, "तर आत्ताच सांगून ठेवा. पुढे बिघडलं तर काय चालेल, काय नाही?"

थोरल्यानं बराच विचार केला. "सुई टोचा. गोळ्या द्या. इस्पितळात नेऊ नका. बांधू नका." मग धाकट्याकडे बोट केलं. "मी शुद्धीत नसलो तर माझं हा बोलेल."

गावात ही गोष्ट पसरली तेव्हा लोक पोट धरून हसले. वेड्याला विचारून कारभार करणार म्हणे सरकार! पण गोळ्या लागू पडल्या. थोरला जेवायचा, झोपायचा, झोळीतल्या पोरीला भुवया उडवून हसवायचा. धाकटीची थट्टा करायचा, की ही भाता ओढते का झोका घेते तेच कळत नाही.

गोळ्यांनी हात मात्र जड व्हायचे. एरवी त्याचं काही वाटलं नसतं. त्या हंगामात वाटलं. खुणेनंतर घण किंचित उशिरा यायला लागला, तेवढ्यात लोखंड निवायचं आणि फाळाचं टोक वाकडं व्हायचं. लोक परत येऊन भांडायचे. एका सकाळी थोरल्यानं गोळी तळहातावर घेऊन धाकट्यासमोर धरली. "ही नको. हात उचलत नाही."

धाकट्यानं दारातल्या ढिगाकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "एवढा हंगाम निघू दे."

धाकटीनं ऐकलं. ढीग तिलाही दिसत होता.

पुढचे काही दिवस थोरल्यानं दोघांचं काम एकट्यानं केलं. घामानं त्याची पाठ चमकत होती, घण वर जाताना दिसायचा आणि खाली आलेला ऐकू यायचा. लोक बघत उभे राहायचे. "काय हात आहे!" म्हणायचे. ढीग उतरला. झोप मात्र त्याची गेली होती, आणि तो घरात सगळ्यांकडे वाकून वाकून बघायला लागला होता.

एका दुपारी धाकटा गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायला बाहेर गेला होता. धाकटी भाता ओढत होती.

"त्याला दाबू नकोस," थोरला म्हणाला.

"कोणाला, भाऊजी?"

"आत कोंडलाय तो. तू दाबलंस की कण्हतो."

तिला नेहमीची थट्टा वाटली. "मग काढा की बाहेर बिचाऱ्याला!" ती हसत म्हणाली आणि पोरीला घ्यायला वळली. मागे कातडं फाटल्याचा आवाज झाला. थोरल्यानं सुरीनं भाता लांबलचक चिरला होता आणि खांद्यापर्यंत हात आत घालून तो चाचपत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पळवला," तो म्हणाला. "कुठे पळवलात त्याला?"

धाकटा आला, भाता बघितला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा थोरल्याच्या थोबाडीत मारली. मग दिवस मावळेपर्यंत तो कातडं शिवत बसला. गोळी द्यायची आठवण त्याला झाली. पण सकाळी फाळ न्यायला माणसं येणार होती. एका गोळीनं आता काय होणार, असंही त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवून देतो.

सकाळी धाकटीनं शिवलेला भाता ओढला. पहिल्याच फुंकीला थोरला तिच्या अंगावर आला. दोन्ही हातांनी त्यानं तिचा गळा धरला आणि तिला भिंतीला टेकवून वर उचललं. "बघ," तो अगदी हळू म्हणाला, "बघ कसं वाटतं." तिच्या टाचा भिंतीवर आपटत होत्या. तिला झोळी दिसत होती, मग झोळी काळी झाली. धाकट्यानं सांडशी उगारून त्याच्या कोपरावर घातली, पुन्हा घातली, तेव्हा कुठे बोटं सुटली.

धाकटी जमिनीवर पडून ओकली. थोरला कोपर चोळत ऐरणीसमोर गेला, घण उचलून उभा राहिला आणि खुणेची वाट बघू लागला. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "अरे, झाला का माझा फाळ?" आणि खरं वाटणार नाही, पण त्यांनी काम सुरू केलं. धाकटीनं गळ्याभोवती फडकं गुंडाळलं आणि एका हातानं पोरीला छातीशी धरून दुसऱ्या हातानं भाता ओढला.

ऊन चढल्यावर रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी सुरू झाली. थोरल्याचे कान टवकारले. "तिकडे नेलाय त्याला," तो म्हणाला, आणि कोणी उठायच्या आत कोपऱ्यातला कुऱ्हाडीचा दांडा घेऊन रस्ता ओलांडून गेला.

गिरणीवाला पट्ट्याशी उभा होता. वाईट माणूस नव्हता. "काय रे बाबा?" एवढंच त्यानं विचारलं. दांडा त्याच्या जबड्यावर बसला. दात पिठात पडले. तो खाली बसला तर दुसरा फटका कानावर आला आणि कान अर्धा लोंबला. थोरला त्याला ओलांडून गिरणीची पेटी फोडायला लागला. तोवर गिरणीवाल्याचे दोघे भाऊ धावून आले, एक टकल्या आणि दुसरा ठेंगू. मागून बाकीचं गाव आलं. त्यांनी थोरल्याला रस्त्यावर ओढला. लाथा, काठ्या, चपला, ज्याच्या हाताला जे लागलं ते. पंधरवडाभर ज्याच्या हाताचं कौतुक केलं, त्याच्या हातावर उभं राहून एकानं दुसऱ्याला सांगितलं, "दोर आण."

डॉक्टरीणबाई आणि फौजदार आले तेव्हा थोरला गाडीच्या चाकाला बांधलेला होता. तोंडावर रक्त वाळलं होतं, माश्या बसत होत्या.

"आधी सोडा त्याला," बाई म्हणाल्या.

"वा!" गावाचा पुढारी म्हणाला. "आमच्या माणसाचा जबडा मोडला तो मोडला, आणि तुम्ही याची विचारपूस करायला आलात?"

"त्यालाही दवाखान्यात पाठवलंय. त्याच्यावरही उपचार होतील, याच्यावरही होतील."

"याला हक्क आहेत म्हणे. मग आम्हाला काय आहे? आमच्या पोराबाळांनी रस्त्यावरून जायचं का नाही?"

प्रश्न खोटा नव्हता आणि बाईंनाही ते माहीत होतं. त्यांनी थोरल्याला सुई टोचली. दोर सोडल्यावर तो चाकाशीच बसून राहिला. मग त्या धाकट्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळ्या चालू होत्या ना?"

धाकट्यानं मान खाली घातली.

"ओरडत नाही मी. पण खरं सांग. तो शुद्धीत नाही. त्याच्या वतीनं तू बोलायचंस. तू म्हणालास तर थोडे दिवस मी त्याला नेऊन ठेवते. दुसरे डॉक्टरही तपासतील. ते जुनं इस्पितळ नाही आता."

"त्यानं नको सांगितलंय. तुमच्यासमोरच सांगितलंय."

"बांधू नका असंही सांगितलंय. आणि आज तो बांधलेला सापडला." मग त्यांनी विचारलं, "घरात कधी कोणावर हात उचललाय त्यानं?"

धाकट्याला थोरल्याची वळ उठलेली मनगटं दिसत होती. "नाही," तो म्हणाला. "घरात गायीसारखा असतो."

"ताई, खरं आहे का?"

धाकटीनं गळ्यावरचं फडकं घट्ट केलं आणि हो म्हणून मान हलवली. तिला स्वतःचाच राग आला. पण त्याला गाडीत घालून पाठवणारी मी होणार नाही, असंही तिला त्या क्षणी वाटलं, आणि घरी गेल्यावर आता आपण त्याच्याबरोबर राहायचं आहे, हे नंतर सुचलं.

"ठीक आहे. सुईचा अंमल राहील. परवा सकाळी मी गाडी घेऊन येते. तोवर उतार नसला, तर तुम्ही काहीही म्हणा, मी त्याला नेणार," बाई म्हणाल्या. फौजदारानं गावाला दम भरला, की याला कोणी साखळी घातली तर घालणारा आत जाईल. आणि दोघं निघून गेले. कायदा आला, बोलला आणि परवाचा वायदा करून गेला. मधला दिवस गावाचा होता.

घरात आल्यावर धाकटीनं दार लावलं आणि फडकं सोडलं. बोटं जशीच्या तशी उठली होती, जांभळी. "गळा माझा," ती म्हणाली. आवाज घोगरा निघत होता. "आणि शब्द तुमचा."

"मी काय करू? शब्द दिलाय."

"पोरीला काही झालं असतं तर? तिचाही शब्द घेतला होतात का?"

थोरला भिंतीशी झोपला होता, तोंड उघडं टाकून, आणि घोरत होता. धाकटी पोरीला घेऊन दाराशी बसून राहिली. तिला त्याची भीती वाटत होती आणि त्याच्या फुटलेल्या ओठाला पाणी लावावंसंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं. शेवटी तिनं उठून पाणी लावलं.

दुसऱ्या दिवशी गाव लोहारशाळेत आलं. पुढाऱ्यानं लोखंडाची जाड पट्टी आणि साखळी ऐरणीवर टाकली.

"बेडी कर."

"फौजदार काय म्हणाले ऐकलंत ना?"

"फौजदार इथे राहतो का? तू कर, नाहीतर आम्ही तारेनं बांधू. तार मांसात जाते, तुला माहीतच आहे."

टकल्या आणि ठेंगू हातात काठ्या घेऊन दारात उभे होते. धाकट्यानं बायकोकडे पाहिलं.

"करा," धाकटी म्हणाली. "तारेपेक्षा बरी." मग कोणी विचारलं नसताना म्हणाली, "मलाही झोप हवी आहे."

पट्टी विस्तवात गेली. जाड लोखंड होतं. एकट्याच्या हातोडीनं वळणारं नव्हतं. धाकट्यानं जमलेल्या गर्दीकडे बघितलं. "घण कोण मारणार?" बेडी सगळ्यांना हवी होती, पण घण कोणाला पेलत नव्हता. ठेंगूनं एकदा उचलून पाहिला, तो ऐरणीच्या कडेला घसरून त्याच्याच पायाशी पडला. माणसं हसली.

थोरला आतून उठून आला. सुईनं त्याचे डोळे जड होते, पण पाय धड पडत होते. त्यानं ठेंगूच्या हातून घण घेतला आणि आपल्या जागेवर उभा राहिला. गर्दी मागे सरकली.

"दादा, तू नको."

"लोखंड निवतंय," थोरला म्हणाला.

धाकट्यानं टिचकावलं. घण पडला. पट्टी वळत गेली, हातोडी सरकत गेली, घण तिच्या मागे जात राहिला. इतकं सरळ काम त्या हंगामात झालं नव्हतं. दोन्ही टोकं जवळ आली तेव्हा धाकट्यानं हातोडी आडवी ठेवली, कारण त्याला समोरचं दिसेनासं झालं होतं. थोरल्यानं घण टेकवला. मग त्यानं उजवा पाय उचलून ऐरणीच्या कडेवर ठेवला.

"माप घे," तो म्हणाला. "अंदाजानं करशील तर घोटा कापेल."

कोणीतरी खोकलं. पुढारी बाहेर बघायला लागला. धाकट्यानं दोरीनं पायाचं माप घेतलं आणि बेडीच्या आतल्या कडा कानशीनं घासून घासून गुळगुळीत केल्या, बाळाच्या हातात घालायची असल्यासारख्या. मग खिळा ठोकून ती बंद केली आणि साखळीचं टोक ऐरणीच्या ओंडक्याला जखडलं. थोरल्यानं पाय हलवून पाहिला. "बरी झाली," तो म्हणाला. धाकट्यानं हातोडी तिथेच ठेवली, मागच्या अंगणात जाऊन जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या दिवशी उरलेले फाळही झाले. बेडी घातलेल्या माणसानं घण मारला आणि गावानं आपापले फाळ नेले. "हे बरं झालं," पुढारी म्हणाला. "धोकाही नाही आणि कामाचा खोळंबाही नाही."

परवाची सकाळ उजाडली. टकल्या आणि ठेंगू रात्रभर पीत होते आणि त्यांच्या ओट्यावरून आवाज येत होता, की भाऊ नळीनं पाणी पितोय आणि तो वेडा बसून जेवतोय. धाकट्याला ते ऐकवेना. "मी नाक्यावर जातो," तो बायकोला म्हणाला. "बाईंची गाडी लवकर घेऊन येतो. सगळं सांगतो. गळ्याचंही सांगतो." तो जवळजवळ पळतच गेला.

तो वळणावर दिसेनासा झाला आणि दोघं भाऊ आत आले. ठेंगूकडे काठी होती, टकल्याकडे पहार.

"बाजूला हो," टकल्या धाकटीला म्हणाला.

"गाडी येते आहे. नेणार आहेत त्यांना. हात जोडते."

त्यानं तिला ढकललं. ती अवजारांच्या पेटीवर पडली, पोर झोळीत किंचाळायला लागली. काठी थोरल्याच्या पाठीवर बसली. तो उठून पळाला, साखळी ताणली गेली आणि तो तोंडावर आपटला. पुन्हा उठला, ऐरणीभोवती फिरला, साखळी ओंडक्याला गुंडाळत गेली आणि तो बांधल्या बैलासारखा आखडत आखडत जवळ आला. आता त्यांना हलायचीही गरज नव्हती. पहारेचं टोक त्याच्या बरगड्यांत गेलं. काहीतरी आत मोडल्याचं धाकटीला ऐकू आलं. ती दारात धावली. रस्त्यापलीकडे माणसं उभी होती, काही जण फाळ घेऊन. पुढारीही होता.

"अहो, मारतायत त्यांना! या ना कोणीतरी!"

कोणी हललं नाही. एकजण म्हणाला, "त्यांच्या घरचं भांडण आहे."

धाकटी आत आली. ऐरणीवर हातोडी होती. तिनं ती उचलली, साखळीची कडी ऐरणीवर ओढून घेतली आणि टिचकावलं. थोरला गुडघ्यांवर होता. एक डोळा मिटला होता. टिचकीचा आवाज ऐकून त्यानं डोकं वर केलं, चाचपून घण घेतला आणि उभा राहिला. काठी पडत असताना त्यानं घण उचलला आणि तिनं दाखवलेल्या जागी घातला. पुन्हा घातला. कडी तुटली.

"पळा, भाऊजी! मागच्या दारानं पळा!"

तो पळाला नाही. वळला. टकल्यानं पहार उगारली, तेवढ्यात घण आडवा फिरला आणि त्याच्या नडगीवर बसला. हाड बाहेर आलं. टकल्या ओरडत खाली पडला आणि पहार घरंगळत भिंतीपाशी गेली. ठेंगू मागे सरकत सरकत भिंतीला टेकला आणि तिथेच घसरून बसला. त्याच्या डोक्याच्या वरच झोळी होती. थोरला त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं घण दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. ठेंगूच्या विजारीतून पाणी गळत होतं. "आई," तो म्हणाला.

धाकटीनं हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली.

घण वरच थांबला. थोरल्याचे दंड थरथरत होते. मग तो हळूच खाली आला, जमिनीवर टेकला, आणि थोरला दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांतून शिट्टी वाजत होती.

"हं, भाऊजी," धाकटी म्हणाली. तिला रडू फुटलं. "हं. बसा आता."

ठेंगूनं पहार उचलली आणि बसल्या बसल्याच थोरल्याच्या पोटात खुपसली. थोरला खाली वाकला तेव्हा ठेंगू उठला आणि त्यानं डोक्यावर मारायला सुरुवात केली. धाकटीनं त्याचा हात धरला, दंडाला चावली, पाया पडली. "थांबला तो! बघ, थांबला! अरे, थांब!" ठेंगू थांबला नाही. थोरल्याचं डोकं ओळखू येईनासं झाल्यावरही तो मारत होता, आणि मग हात दुखले म्हणून त्यानं पहार खाली टाकली. तेव्हा रस्त्यापलीकडची माणसं धावत आत आली.

गाडी आली ती पांढरी होती आणि तिला खिडक्या होत्या. धाकटा उतरला तो सरळ भावाशी जाऊन बसला आणि त्याच्या पायातली बेडी हातांनी फाकवायला लागला. ती त्यानंच चांगली केली होती, फाकत नव्हती. बाईंनी थोरल्याच्या मानेला बोट लावलं आणि काढून घेतलं.

"साहेब, जीव वाचवायला मारला," ठेंगू फौजदाराला सांगत होता. "साखळी तोडली त्यानं. भावाचा पाय बघा. आता माझं डोकं फुटणार होतं."

"पहिल्यापासून सांगत होतो आम्ही," पुढारी म्हणाला.

फौजदार धाकटीकडे वळला. मारामारीत तिचं फडकं निसटलं होतं. "तुमच्या गळ्याला काय झालं?"

धाकट्यानं बेडीवरचे हात न काढता मान वर केली. नाही म्हण, असं त्याचे डोळे तिला सांगत होते. बाईही बघत होत्या. ती नाही म्हणाली असती तर चाललं असतं.

"भाऊजींनी दाबला," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी. बाईंनी विचारलं तेव्हा यांनी खोटं सांगितलं आणि मीही मान हलवली. आणि साखळी मी तोडवली. मारत होते म्हणून."

बाई जमिनीवरच बसल्या.

"ऐकलंत?" पुढारी म्हणाला. "घरच्या बाईनं सांगितलं. धोकाच होता तो."

"होता," धाकटी म्हणाली. "आता पुढचं ऐका. याच्या डोक्यावर घण होता. मी हातोडी आडवी ठेवली आणि भाऊजी थांबले. घण टेकवून उभे राहिले. तेव्हा यानं पहार घेतली."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला. "तू आडवी ठेवलीस?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"हो."

तिनं नजर वळवली नाही. हा आता जन्मभर हेच विचारणार, आणि मीही स्वतःला विचारणार, हे तिला कळून चुकलं होतं. पोर झोळीत रडून रडून उचक्या देत होती, तिला घ्यायचंही कोणाला सुचलं नव्हतं.

"विचारा यांना," ती फौजदाराला म्हणाली. "सगळे समोर उभे होते. भाऊजी थांबले ते यांनी पाहिलंय."

फौजदारानं एकेकाकडे पाहिलं. ज्यांच्या हातात फाळ होते ते फाळाची धार बघायला लागले. कोणी काही पाहिलं नव्हतं.

धाकटी बाईंसमोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातांना कोपरापर्यंत रक्त लागलं होतं. "बाई, दुसऱ्याच्या जिवाला धोका असला तर नेता येतं ना? गाडी आणलीच आहे तुम्ही." तिनं ठेंगूकडे बोट दाखवलं आणि मग ते दारातल्या गर्दीवरून फिरवलं. "यांना न्या."

"ताई," त्या म्हणाल्या, "ही गाडी त्यांच्यासाठी नाही. ही सगळी शुद्धीवरची माणसं आहेत."

"हो," धाकटी म्हणाली. "तेच सांगतेय मी मघापासून."